'रेसिडन्स टाइम'ला मराठीत काय म्हणायचं?

विचारणा : क्लोरीनच्या टाकीत पाणी किती वेळ राहतं, ते संगणकावर प्रवाह सोडवून काढलंय. टिपण मराठीत हवंय. 'निवासकाल' लिहिलं, तर साहेब म्हणाले, "पाण्याला रहिवासी दाखला देताय का?" दुसरा शब्द सुचवा.

उत्तर : 'मुक्काम' लिहा. मुक्काम म्हटला की निघणं आलंच. 'साठवणकाळ' नको, त्यात पाणी निपचित पडून असल्यासारखं वाटतं. टाकी 60 घनमीटरची आणि मिनिटाला 2 घनमीटर पाणी जात असेल, तर सरासरी मुक्काम 30 मिनिटं. एवढ्या भागाकाराला संगणक कशाला? तो लागतो कारण सरासरी फसवते. काही पाणी शिरल्या शिरल्या थेट बाहेर पडतं, काही कोपऱ्यातल्या भोवऱ्यात तासभर घुटमळतं. म्हणून क्लोरीनवाले एकाच वेळी शिरलेल्या पाण्यातलं पहिलं 10 टक्के बाहेर पडेपर्यंतचा वेळ धरतात. अमेरिकेच्या ईपीए या पर्यावरण संस्थेच्या कोष्टकात आडभिंती नसलेल्या टाकीला 0.1 चा गुणक आहे. म्हणजे तुमच्या 30 मिनिटांतली हिशेबात फक्त 3!

विचारणा : बाप रे. आणि टाकीच्या रंगीत चित्रात प्रत्येक ठिकाणी जो आकडा दिसतो, तोही मुक्कामच ना?

उत्तर : नाही, इथेच बहुतेक जण घसरतात. ते पाण्याचं 'वय'. प्रवाहाबरोबर वाहणारी एक राशी घेतो ना आपण, तोंडाशी शून्य आणि आत दर सेकंदाला एकाने वाढणारी? ती आत शिरल्यापासूनचा वेळ मोजते. मुक्काम संपतो दाराशी, तेव्हा तिथलं वय तोच मुक्काम. रसायन अभियंते डँकवर्ट्स यांच्या 1953 च्या लेखातही वय आणि मुक्काम असे दोन्ही आहेत. मराठीत तर दोन्ही शब्द घरचेच.

आणखी एक : वयाऐवजी प्रवाहात कण सोडून त्यांचा मुक्काम मोजत असाल तर जपून. भिंतीलगत वेग जवळजवळ शून्य, तिथे कण अडकून बसतात. ते वगळले की सरासरी आपोआप कमी येते.

विचारणा : कण नाही, वयच काढलंय. पण दाराशी सरासरी 26 येतेय, 30 नाही.

उत्तर : क्षेत्रफळावर सरासरी घेतलीत का? जिथून जास्त पाणी जातं तिथल्या वयाला जास्त वजन द्या. तरीही 30 च्या आसपास आली नाही, तर गणित अजून स्थिरावलेलं नाही. आणखी फेऱ्या चालवा, शब्दाचं नंतर बघू.