शब्दचर्चा : ‘मिश्रमाध्यम’ की ‘कोलाज’? (संदर्भ : ओजिब्वे चित्रकार कार्ल बीम)

प्रश्न : कॅनडातील ओजिब्वे या मूळ रहिवासी समाजाचे चित्रकार कार्ल बीम (१९४३–२००५) यांच्यावर लेख लिहीत आहे. त्यांच्या कामाला ‘कोलाज’ म्हणावे की ‘मिश्रमाध्यम’? ‘आदिवासी चित्रकार’ हा उल्लेख चालेल का?

उत्तर १ : ‘कोलाज’ टाळावे. कोलाजमध्ये कागदाचे किंवा कापडाचे तुकडे चिकटवलेले असतात आणि त्यांच्या कडा डोळ्यांना जाणवतात. बीम यांच्या ‘द नॉर्थ अमेरिकन आइसबर्ग’ (१९८५) या भव्य चित्रात मात्र प्लेक्सिग्लासवर (काचेसारख्या पारदर्शक प्लास्टिकवर) ॲक्रिलिक रंग, छायाचित्रांची स्क्रीन-छपाई आणि ग्राफाइट एकत्र आले आहेत. अपाची योद्धा जेरोनिमो आणि स्वतः बीम यांच्या प्रतिमा तेथे चिकटवलेल्या नसून छापून उतरवलेल्या आहेत, आणि माझ्या मते भूतकाळ व वर्तमान यांच्यातील सीमा पुसण्याची त्या चित्राची ताकद बरीचशी या तंत्रातच आहे. म्हणून ‘मिश्रमाध्यम’ हाच शब्द नेमका आहे.

उत्तर २ : सहमत, मात्र हे विशेषण कलाकृतीला लावावे. बीम यांनी जलरंगात, एचिंगमध्ये (धातूच्या पत्र्यावर आम्लाने रेषा कोरून केलेल्या छपाईत) आणि मातीच्या भांड्यांतही काम केले. १९८०च्या दशकाच्या आरंभी न्यू मेक्सिकोत राहत असताना तेथील मिम्ब्रेस या मूळ रहिवासी लोकांच्या प्राचीन चित्रित वाडग्यांचा त्यांच्यावर मोठा प्रभाव पडला. असा वाडगा घडवणाऱ्याला सरसकट ‘मिश्रमाध्यम चित्रकार’ म्हणणे अपुरे वाटते.

‘आदिवासी चित्रकार’ म्हटल्यावर मराठी वाचकाच्या मनात वारलीसारखी सामूहिक परंपरा उभी राहते. ओटावाच्या नॅशनल गॅलरीने १९८६ मध्ये ‘आइसबर्ग’ विकत घेतले ते समकालीन कला म्हणून, आणि मूळ रहिवासी कलावंताच्या बाबतीत तेथे असे प्रथमच घडले. ती मिळवलेली जागा आपल्या एका विशेषणाने हिरावली जाऊ नये; ‘ओजिब्वे समकालीन चित्रकार’ असे लिहावे.

पुरवणी प्रश्न : ऑन्टारिओतील स्पॅनिश या गावी ते लहानपणी ज्या शाळेत होते, तिला ‘आश्रमशाळा’ म्हणता येईल का?

उत्तर २ : कृपया म्हणू नये. आपल्याकडे त्या शब्दाने आदिवासी मुलांसाठीची, शासनाने चालवलेली किंवा अनुदानित शाळा समजली जाते. कॅनडातील त्या शाळा शासनाच्या पैशाने चर्च चालवत असे, आणि मुलांना घरापासून तोडून त्यांची भाषा व चालीरीती पुसून टाकणे हा त्यांचा उघड हेतू होता. ‘निवासी शाळा’ असे लिहून हा हेतू त्याच वाक्यात स्पष्ट करावा.