शेंगाचटणी न खाणारा सोलापूरकर

कुणीतरी लिहिलंय की लहानपणची खाण्यातली नावड म्हणजे निव्वळ नखरे, एक दिवस उपाशी ठेवलं की उतरतात. माझ्यावर हा प्रयोग झालाय. उतरले नाहीत.

सोलापुरात जन्मून शेंगाचटणी खात नाही, म्हणजे घराण्याला बट्टाच! सातेक वर्षांचा असेन. गड्ड्याच्या जत्रेतून आलो, कडक भाकरी दह्यात चुरून वर मूठभर चटणी घेतली, आणि रात्रभर उलट्या. दोष बहुधा जत्रेतल्या उसाच्या रसाचा, पण पोटाला कोण समजावणार? आजही उखळात शेंगदाणे-लसूण कुटून तेल सुटल्याचा वास आला की तोंडाला पाणी सुटतं, पण ते ओकारीच्या आधीचं.

१९५५ साली अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन गार्सियांनी उंदरांना सॅकरिनचं गोड पाणी पाजताना किरणोत्सर्ग दिला. त्रास किरणांचा, पण उंदरांनी टाकलं ते पाणी! असं एकदा घडलं तरी पुरतं. मध्ये काही तास गेले तरी मेंदू खापर चवीवरच फोडतो.

शेंगापोळी मात्र मी तुपाबरोबर तीन-तीन हाणतो. आई विचारते, "तेव्हा शेंगदाणे वेगळे असतात का रे?" मला तरी लसणाचाच संशय आहे.