बालसंगोपन रजा आणि मूल नसलेल्या कर्मचाऱ्याची रजा : यात न्याय कोठे आहे?

पळसवाट (प्रश्न)

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. वय त्रेचाळीस, अविवाहित, नियमित सेवा पंधरा वर्षे. शाळा पहिली ते चौथी, पट एकेचाळीस आणि शिक्षक दोनच, म्हणजे मी आणि माझ्या सहकारी मॅडम. गेल्या जुलैत मॅडम प्रसूती रजेवर गेल्या. १८० दिवस संपवून त्या जानेवारीत रुजू झाल्या, पण बाळ सारखे आजारी पडू लागल्यामुळे फेब्रुवारीत त्यांना बालसंगोपन रजा घ्यावी लागली. दोन्ही रजा त्यांच्या हक्काच्या आहेत. त्यांच्या बाळाच्या बारशाला पाळण्याची दोरी मीही धरली होती, तेव्हा माझा रोख त्यांच्यावर आहे असे कृपा करून कोणी समजू नये.

अडचण अशी की या सगळ्या काळात बदली शिक्षक मिळाला नाही. चारही वर्ग मी एका खोलीत बसवले. पहिलीच्या लेकरांच्या हाती मणीमाळ द्यायची, ती मोजत आहेत तोवर चौथीला फळ्यावर भागाकार घालून द्यायचा, तो सोडवून होण्याच्या आत दुसरी-तिसरीकडे वळायचे आणि मध्येच उठून खिचडीचा तांदूळ मोजून द्यायचा, असे सहा-सात महिने चालले. चौथीच्या ज्या मुलांना दिवाळीपर्यंत भागाकार यायला हवा होता, त्यांतल्या निम्म्यांना तो मार्चमध्येही येत नव्हता, आणि हे मला रात्री झोपू देत नाही.

घरी माझे वडील आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघात झाला आणि उजवी बाजू गेली. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून त्यांना दर दोन-तीन तासांनी कुशीवर वळवावे लागते. आई सत्तरीची आहे, तिच्या एकटीने ते होत नाही, म्हणून एकीने खांदा आणि दुसरीने कंबर धरायची अशी आमची रीत ठरून गेली आहे. व्यायामोपचारासाठी त्यांना यवतमाळला न्यावे लागते. किरकोळ रजा ऑक्टोबरातच संपल्या. नोव्हेंबरात वडिलांना दवाखान्यात भरती करावे लागले तेव्हा मी तालुक्याच्या कार्यालयात रजा मागायला गेले. तेथे मला उत्तर मिळाले, "मॅडम, शाळेला कुलूप लावायचे का? आणि तुम्हाला कुठे लेकरंबाळं आहेत?"

माझे विचारणे एवढेच आहे. लेकराला सांभाळण्यासाठी वेगळी रजा आहे, मग ज्याला लेकरू नाही पण अंथरुणाला खिळलेला बाप आहे, त्याला तशी रजा मागण्याचा नैतिक अधिकार आहे की नाही? आणि एखाद्या आईच्या हक्काबद्दल मन कोते न ठेवता ही मागणी कशी मांडावी?

गुगुळडोह

ताई, मी मेळघाटात आरोग्य सेविका आहे आणि दोन लेकरांची आई आहे. तुमचे लिहिणे वाचून आधी मला थोडे लागले आणि मग लाजही वाटली. दोन्ही कारणे सांगते.

लागले अशासाठी की, प्रसूती रजा हा शब्द आला की लोकांच्या डोळ्यांसमोर आराम उभा राहतो. माझे दुसरे बाळंतपण सिझेरियनने झाले. टाके ओले असताना दर दोन तासांनी उठून पाजायचे, ताप आला तरी पाजायचे, आणि बाळ झोपले की त्याची दुपटी धुवायची. बाळाला पहिले सहा महिने फक्त आईचे दूध द्या, हे आम्ही घरोघरी जाऊन सांगतो. १८० दिवसांची रजा या सहा महिन्यांशी बरोबर जुळते. त्यात आईची चैन कोठेही नाही. म्हणून या १८० दिवसांची तुलना दुसऱ्या कोणत्याही रजेशी करू नये, असे माझे ठाम मत आहे.

लाज वाटली ती दुसऱ्याच कारणाने. माझ्या रजेच्या काळात शेजारच्या उपकेंद्रातील सेविकेकडे माझा अतिरिक्त पदभार होता. पावसाळ्यात नाले भरलेले असताना तिने दोन्ही उपकेंद्रांची लसीकरणाची सत्रे पार पाडली. मी रुजू झाले त्या दिवशी तिने लसीकरणाचे रजिस्टर माझ्यापुढे सरकवले आणि एक शब्दही न बोलता ती निघून गेली. पुढे कित्येक महिने ती माझ्याशी धड बोलली नाही. मी तेव्हा तिला मत्सरी समजले. रजिस्टरात एकही रकाना तिने कोरा ठेवला नव्हता, हे पाहूनही तिची विचारपूस करण्याचे मला सुचले नाही.

एक भीती मात्र बोलून दाखवते. सर्वांना सारखे करा अशी मागणी आली की सरकारदरबारी वरचे खाली आणले जाते, खालचे वर जात नाही. म्हणून आपल्या मागणीत "त्यांना आहे तर आम्हालाही" असे वाक्य येऊ देऊ नका.

निवृत्त केंद्रप्रमुख, वाशीम

पळसवाट ताईंनी विचारलेल्या प्रश्नात दोन वेगळ्या रजा एकत्र आल्या आहेत आणि दोन्ही १८० दिवसांच्याच असल्यामुळे गोंधळ आणखी वाढतो. प्रसूती रजा ही शरीराची झीज भरून येण्यासाठी आणि स्तनपानासाठी आहे, तिच्या बाबतीत मी गुगुळडोह यांच्याशी पूर्ण सहमत आहे. बालसंगोपन रजा मात्र वेगळी आहे. राज्य शासनाने ती २०१८ मध्ये लागू केली, संपूर्ण सेवेत मिळून १८० दिवस, आणि मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत ती घेता येते. सतरा वर्षांच्या मुलाच्या बारावीसाठी आई ही रजा घेते तेव्हा प्रश्न बाळंतपणाचा उरत नाही. आपल्यावर अवलंबून असलेल्या माणसाला वेळ देण्याचा तो प्रश्न असतो, आणि तसे असेल तर अंथरुणावरचा बाप त्या व्याख्येबाहेर का राहावा, याचे उत्तर शासनाने द्यायला हवे. आईवडिलांच्या चरितार्थाची जबाबदारी मुलांवर टाकणारा कायदा आपण २००७ मध्ये केला. पैसा देण्याचे बंधन त्यात आले, वेळ देण्याची सोय मात्र आली नाही.

केंद्राने जुलै २०२५ मध्ये राज्यसभेत सांगितले की केंद्रीय कर्मचाऱ्यांना वर्षाला ३० दिवस अर्जित, २० दिवस अर्धवेतनी, ८ दिवस नैमित्तिक आणि २ दिवस मर्यादित रजा असते आणि ती वृद्ध आईवडिलांच्या देखभालीसाठीही वापरता येते. कचेरीतल्या माणसाला हे उत्तर पुरेल. शिक्षकाला दीर्घ सुट्टी असल्यामुळे एरवी अर्जित रजा जमा होत नाही, आणि पक्षाघात काही मे महिन्याची वाट पाहत नाही. शिक्षकांना सुट्ट्या फार, असे म्हणणाऱ्यांच्या ध्यानात ही गोष्ट येत नाही.

आता व्यवहाराचे. ताई, तुमचे सेवापुस्तक काढून अर्धवेतनी रजेचे पान पाहा. वर्षाला २० प्रमाणे पंधरा वर्षांचे ३०० दिवस होतात, त्यांतून वापरलेले वजा करा. ही रजा खासगी कारणासाठीही घेता येते. पगार निम्मा मिळतो, आणि तुमच्या म्हणण्यातला अन्याय मला नेमका येथेच दिसतो, कारण लेकरासाठी पूर्ण पगार आणि बापासाठी अर्धा असा हा हिशेब होतो. तरीही बिनपगारी राहण्यापेक्षा ते बरे. उन्हाळी सुट्टीत निवडणूक किंवा तत्सम कामासाठी तुम्हाला थांबवले असेल, तर त्या दिवसांच्या प्रमाणात अर्जित रजा जमा व्हायला हवी. ती नोंद झाली आहे का, हेही तपासा.

कुलपाचे जे उत्तर तुम्हाला मिळाले, त्याबद्दल मी स्वतःलाही जबाबदार धरतो. केंद्रप्रमुख असताना माझ्या केंद्रातील एका द्विशिक्षकी शाळेवर अशीच वेळ आली होती. शेजारच्या शाळेतून कामगिरीवर शिक्षक पाठवण्याचा प्रस्ताव मी पंधरवडाभर टेबलावर ठेवला, कारण त्या शाळेचे मुख्याध्यापक नाराज झाले असते. प्रसूती रजा अचानक येत नाही, ती पाच-सहा महिने आधी दिसत असते, आणि तेवढ्या अवधीत बदली माणसाची व्यवस्था न करणे हा प्रशासनाचाच कसूर आहे. तो झाकण्यासाठी दोन बायांना एकमेकींसमोर उभे केले जाते.

हा प्रश्न जुना आहे. जुलै १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अशी भूमिका घेतली होती की बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा भार मुख्यत्वे सरकारने उचलायला हवा, आणि स्त्रियांच्या श्रमांचा फायदा मालकाला होतो म्हणून त्यानेही काही वाटा द्यावा. पुढच्याच वर्षी, १९२९ मध्ये, मुंबई प्रांताचा कायदा झाला. त्या भूमिकेत भार शेजारच्या कामगारावर टाकलेला नाही. आपण मात्र कागदोपत्री सरकारवर आणि प्रत्यक्षात शेजारच्या शिक्षिकेवर तो टाकून मोकळे झालो आहोत.

पैनगंगा खोरे

मी बुलढाणा जिल्ह्यात कृषी खात्यात आहे. वरच्या प्रतिसादांत एक गोष्ट सुटली आहे. राज्याची बालसंगोपन रजा पुरुषाला केव्हा मिळते, तर पत्नी हयात नसेल किंवा अंथरुणाला खिळलेली असेल तेव्हा. म्हणजे धडधाकट बाई घरात असेल तर सांभाळ तिनेच करायचा, हे नियमानेच गृहीत धरले आहे. याच गृहीतकामुळे मुलांच्या आईला रजा मिळते, बापाला मिळत नाही, आणि अविवाहित लेकीला "तुमचे काय, तुम्ही मोकळ्याच" असे ऐकावे लागते. माझे मत आणखी थोडे पुढचे आहे. रजेसाठी दरवेळी आजाराचे किंवा नात्याचे कारण दाखवावे लागू नये. ज्याचे आईवडीलही गेले आणि मूलही नाही, अशा माणसालाही आयुष्य असते. पण ही मागणी आज कोणी ऐकून घेणार नाही हे मी जाणतो, म्हणून निदान सांभाळाची रजा तरी स्त्री-पुरुष आणि मूल-वडील असा भेद न करता मिळावी.

वणानदी

हिंगणघाटजवळच्या गावातून लिहिते. तुम्ही सर्व जण सरकारी नोकरीत आहात. मी एका पतसंस्थेत लिपिक आहे आणि आम्ही कर्मचारी सात. प्रसूती लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने २६ आठवड्यांची प्रसूती रजा आली खरी, पण ती तरतूद दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी आहे, आणि किरकोळ रजेची हमी देणारा राज्याचा दुकाने व आस्थापना कायदाही आमच्याएवढ्या लहान संस्थेला लागू होत नाही. आमच्याकडे रजा म्हणजे अध्यक्षांची मर्जी.

लग्नाला अकरा वर्षे झाली, मूल नाही. उपचारांसाठी चार वर्षे नागपूरच्या खेपा केल्या. पहाटेची बस, रिकाम्या पोटी रक्ततपासणी, दुपारी सोनोग्राफी आणि रात्री परत, आणि दर खेपेला एका दिवसाचा पगार कापलेला. कारण काय म्हणून सांगणार होते? दोनदा राहिले आणि दोनदा गेले. दुसऱ्या वेळी तिसऱ्याच दिवशी मी काउंटरवर होते, कारण सोबतच्या ताईंच्या मुलाची परीक्षा होती आणि रोकड सांभाळायला दुसरे कोणी नव्हते. गर्भपातानंतर सहा आठवड्यांची रजा कायद्यात आहे हे मला पुढे कळले, आणि ती आम्हाला लागू नाही हेही त्याच दिवशी कळले. महालक्ष्म्यांच्या सणाला सुट्टी मागितली तर शेजारच्या टेबलावरून आवाज आला, "लेकरू ना बाळ, तुले घरी काय काम?" बोलणारी बाई वाईट नाही. माझ्या डब्यातली भाजी ती रोज वाटून घेते.

म्हणून सांगते, मूल नसणे म्हणजे वेळ मोकळा असणे, ही समजूत आधी जायला हवी. काही घरांत मूल नसण्यातच किती वेळ, किती पैसा आणि किती रक्त गेलेले असते, हे बाहेर दिसत नाही. माझी मागणी बालसंगोपनाच्या विरोधात मुळीच नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत बांधावरच्या बाभळीला लुगड्याची झोळी टांगून, एक डोळा तिच्यावर आणि हात बोंडावर ठेवणाऱ्या बाया मी रोज बसमधून पाहते. त्यांना तर दोन्हीपैकी कोणतीच रजा नाही. कायद्याची दहाची अट निघाली, तर त्यांना नाही तरी माझ्यासारख्या पुष्कळ जणींना काही मिळेल.

पळसवाट

सर्वांचे मनापासून आभार. वणानदी ताई, तुमचे वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. सणाला सुट्टी मागताना ऐकवलेला तो प्रश्न मी वेगळ्या शब्दांत ऐकला आहे, पण तुमच्यापेक्षा फार सुरक्षित जागी बसून.

सरांनी सांगितल्याप्रमाणे सेवापुस्तक पाहिले. अर्धवेतनी रजेचे २४८ दिवस शिल्लक निघाले. पंधरा वर्षांत कोणी सांगितले नव्हते आणि मीही विचारले नव्हते. दोन निवडणुकांच्या कामाची नोंद मात्र अर्जित रजेत कोठेच नाही. त्यासाठी वेगळा अर्ज लिहिला आहे.

काल मॅडमना हा सगळा संवाद वाचून दाखवला. त्या म्हणाल्या की बदली शिक्षकाच्या मागणीवर दोघींची सही असावी, कारण त्यांची बालसंगोपन रजा अजून उरली आहे आणि पुढच्या वेळीही चार वर्ग माझ्याच गळ्यात पडतील, या भीतीने त्या बाळ तापलेले असतानाही दोनदा शाळेत आल्या होत्या. मला हे ठाऊक नव्हते. येत्या शिक्षण परिषदेत आम्ही ते पत्र केंद्रप्रमुखांच्या हाती देणार आहोत. वडिलांसाठी पहिले वीस दिवस पोळ्यानंतर मागितले आहेत, आणि तोवर चौथीचा भागाकार पुन्हा पहिल्यापासून घेते आहे.