मदत हवी आहे: चौथीच्या पोरांना येतं ते मार्कात दिसत नाही, पालकांना कसं दाखवू?

नमस्कार मंडळी, मी सोलापूरला पूर्व भागात एका अनुदानित मराठी शाळेत चौथीला शिकवते. वर्गातल्या निम्म्याहून जास्त पोरांच्या घरी तेलुगू, काहींच्या घरी कन्नड, आईवडील यंत्रमागावर नाहीतर विड्या वळणारे. पोस्ट लांबलीय, पण वाचा प्लीज.

वर्ष म्हणजे नुसतं चाचण्यांचं टाइमटेबल झालंय. वर्षाच्या सुरुवातीची पायाभूत, मग सत्राच्या शेवटच्या संकलित एक, संकलित दोन, ते मार्क शासनाच्या चॅटबॉटवर भरा, भरताना नेट जाणार हे ठरलेलं, त्यात 2016-17 ला पाचवीवर गेलेली शिष्यवृत्ती परीक्षा परत चौथीला आली म्हणून पालकांना जूनपासूनच सराव संच हवेत. परीक्षा नकोच असं नाही हो, कोण कुठे अडकलंय ते कळतंच त्यातून. पण उत्तराचा गोल काळा करायची प्रॅक्टिस म्हणजे शिकवणं, हे काही मला पटत नाही.

एक सांगते. वर्गात एक मुलगी आहे, आई विड्या वळते. तिला सहज विचारलं, हजार विड्या नेल्या, त्यातल्या पंचाहत्तर कारखान्यात बाद केल्या तर पंचवीसची बंडलं किती होतील? पोरगी छताकडे बघत म्हणाली, सदतीस. कागद नाही पेन्सिल नाही. कसं काढलंस विचारलं तर म्हणे हजाराची चाळीस होतात, बाद झाल्या त्याची तीन गेली. आणि चाचणीत भागाकाराच्या शाब्दिक उदाहरणाला हिला शून्य, कारण तीन ओळी मराठी वाचेपर्यंतच ती दमते.

म्हणून मी परिमिती शिकवताना घरून टॉवेल आणायला सांगितले. टेपने लांबी रुंदी मोजली, चारी बाजूंनी शिलाई मारायची तर दोरा किती लागेल ते काढलं, एका गटाने दशा धरून मोजलं एकाने सोडून, त्यावरून भांडणं झाली, दोन तास गेले. लई मजा आली. पण दुसऱ्या दिवशी एक पालक गेटवर, "मॅडम, नुसते खेळायलेत पोरं, पेपर कधी सोडवून घेणार?" मुख्याध्यापकांचंही तेच, पण त्यांच्यावर वरून प्रेशर असतं, त्यांना काय बोलायचं.

कागदावर सोय आहे, ते माहितीय. मूल्यमापनाच्या 2010 च्या जीआरप्रमाणे तिसरी-चौथीला आकारिक, म्हणजे वर्षभर वर्गात बघून केलेलं मूल्यमापन, साठ टक्के, संकलित चाळीसच. तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प सगळे रकाने आहेत. पण खरं सांगा, किती ठिकाणी त्या नोंदी तयार वहीतून उतरवल्या जातात? पालक तर आमची नोंदवही कधी बघतच नाहीत, त्यांना पेपरातला आकडा तेवढा दिसतो.

तर विचारायचं असं की,
पालकसभेत हे काम कसं दाखवता तुम्ही? भाषण नकोय, लोक कामाचा खाडा करून येतात, अर्ध्या तासात उठतात.
आणि घरी वेगळी भाषा असलेल्या पोरांची शाब्दिक उदाहरणं कशी घेता? आधी तेलुगूत सांगू दिलं तर नंतर मराठी वाचायला अडतं का?
नवनीत आणा, अमुक ॲप घ्या असले सल्ले नकोत, ते सगळं करून झालंय.

प्रतिसाद १
मॅडम, मी अक्कलकोटकडे झेडपीत आहे, आमची पोरं कन्नडवाली. सभेत आपण बोलायचंच नाही, पोरांना बोलू द्यायचं. तुमच्या त्या मुलीला तिच्या आईसमोर विड्यांचा हिशोब फळ्यावर मांडायला लावा, मग तेच उदाहरण शिष्यवृत्तीच्या पेपरात कसं येतं ते चार पर्यायांसकट शेजारी लिहा. भाषेचं म्हणाल तर मी उदाहरण पोरांनाच बनवायला लावतो, आधी कन्नडमध्ये तोंडी, मग सगळे मिळून मराठीत फळ्यावर. स्वतः बनवलेलं वाचायला कंटाळत नाहीत. वेळ जातो, पोर्शन मागे पडतो, ते मात्र धरून चाला.

मूळ लेखिका
फळ्याचं भारी आहे सर, या सभेला करतेच. पण पोर्शन मागे पडला की तुम्ही कुठला धडा उरकता ते पण सांगा की, माझं तिथेच अडतंय.