बी.एड. इंटर्नशिप : मी फळ्याकडे वळले की वर्ग हातातून जातो, काय करू?

पाठटाचण :
नमस्कार मंडळी. बी.एड. दुसरं वर्ष, मेथड (शिकवायचे विषय) इतिहास आणि मराठी. इंटर्नशिपला एका अनुदानित शाळेत आहे, सातवी मिळालीय, मुलं पन्नासच्या वर. वर्गशिक्षिका मागे बसल्या असल्या की वर्ग शांत, त्या ऑफिसात गेल्या की मासळीबाजार. पहिल्या वर्षी सूक्ष्म अध्यापनात (एकेका कौशल्याचा छोट्या पाठातून सराव) सज्जता प्रवर्तन (पाठाची सुरुवात), प्रबलन (शाबासकी देणं), चेतक बदल (आवाज-हालचाल बदलत लक्ष टिकवणं) सगळं केलं पण तिथे समोर आपल्याच मैत्रिणी विद्यार्थी बनून बसलेल्या, त्या कशाला दंगा करतील? इथे अफजलखानाचा प्रसंग सांगते तोवर सगळे कान देऊन ऐकतात आणि कारणं फळ्यावर लिहायला वळले की मागचा कोपरा सुरू. ओरडून ओरडून घसा बसलाय. स्टाफरूममध्ये सल्ला मिळाला की एकदा पट्टी दाखवा. मला ते करायचं नाहीये. दुसरं काय करता येईल?

डोंगरवाट :
ताई, पट्टी नको हे एकदम बरोबर, आणि शिक्षण हक्क कायदा म्हणजे आरटीई २००९ च्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी आहे, म्हणजे सगळ्यांसमोर टाकून बोलणंही त्यातच येऊ शकतं. आता तुम्हीच लिहिलंय बघा, गोष्ट चालू असताना ऐकतात. म्हणजे मुलांना तुमचा कंटाळा नाहीये, तुमची पाठ वळली की त्यांच्या हाताला काम नसतं एवढंच. म्हणून वळायच्या आधी काम द्या, "वहीत दोन कारणं लिहा, मी फळ्यावर लिहिते तोवर झाली पाहिजेत" आणि मग खरंच दोघातिघांना वाचायला लावा, नाहीतर पुढच्या वेळी कोणी लिहिणार नाही. लिहिताना फळ्याला पूर्ण तोंड करून उभं राहू नका, तिरकं राहा, एक ओळ लिहिली की वर्गाकडे बघा. कधी मागच्या बाकावरच्यालाच लिहायला बोलवा आणि तुम्ही त्याच्या जागेपाशी जाऊन उभ्या राहा, अर्धा गोंधळ तिथेच थांबतो.

झेडपीची_मॅडम :
नावं पाठ झालीत का गं? मी तरी पहिलं तेच करते, हजेरीवरून बाकांचा नकाशा काढायचा, कोण कुठे बसतं ते लिहायचं आणि टेबलावर ठेवायचा. "ए मागचे, गप्प बसा" म्हटलं तर कोणालाच लागत नाही. त्यापेक्षा बोलणाऱ्याचं नाव घेऊन साध्या आवाजात प्रश्न विचार, रागावून नाही. आणि गोंधळ चालू असताना शिकवत राहू नकोस. वाक्य अर्धवट सोड, थांब, बघत राहा. सुरुवातीला खूप वेळ लागतो आणि आपल्यालाच अवघडल्यासारखं होतं, पण गोंधळावर आवाज चढवला की मुलंही आवाज वाढवतात.

पाठटाचण :
मॅडम, नकाशा आजच काढते. पण तास कसाबसा ३५ मिनिटांचा, थांबत बसले तर टाचणातलं (पाठाच्या आराखड्यातलं) निम्मं राहतं आणि तास बघणाऱ्यांच्या निरीक्षण वहीत वर्गनियंत्रणापुढे शेरा येतो. मॉनिटरला बोलणाऱ्यांची नावं लिहायला सांगू का?

जुना_शिक्षक :
ते नका करू. मॉनिटर मित्रांची नावं गाळतो, ज्याच्याशी भांडण त्याचं पहिलं लिहितो, मग तासभर "सर मी नाही बोललो" हेच ऐका. वर्गाबाहेर उभं करणंही नको, ते मूल नेमका तोच भाग चुकवतं आणि बाहेर काय झालं तर जबाबदारी आपली. तास संपल्यावर त्याला एकट्याला दोन मिनिटं बोलवा, काय अडतंय विचारा, सातवीतल्या कित्येकांना धड वाचता येत नाही म्हणून ते गडबड करतात हे माझं ठाम मत आहे. टाचणात एक मुद्दा कमी घ्या. आणि वर्गशिक्षिकांना विचारून त्यांचा एखादा तास मागे बसून बघा, त्या गणवेश-हजेरी-वह्या हे सगळं कोणत्या क्रमाने करतात ते लिहून काढा आणि तोच क्रम ठेवा, मुलांना रोज नवीन पद्धत नको असते.

डोंगरवाट :
सरांशी सहमत. आणि ताई, निरीक्षकांना तासाआधीच सांगून ठेवा की आज एक मुद्दा कमी घेतलाय आणि का ते.