ब्रोमेलियाड: पाणी वाटीत की कुंडीत, आणि खत नेमकं किती?

बाल्कनीबाग_पुणे:
पूर्वेकडच्या बाल्कनीत दोन गुझमानिया आणि तीन निओरेगेलिया आहेत, म्हणजे अननसाच्या कुळातली ब्रोमेलियाड झाडं. पाणी बोअरचं. रोज कुंडीत अर्धा मग घालते, शिवाय पानांच्या मधली वाटी काठोकाठ भरते. १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला ३ ग्रॅम, दर आठवड्याला, वाटीतच. गुझमानियाची टोकं करपली आहेत आणि वाटीच्या कडेला पांढरा थर बसलाय. निओरेगेलियाचा लाल रंग जाऊन पानं लांब, हिरवी झाली आहेत. काय बदलू?

पागोळी:
आधी पाणी. ही झाडं मूळची फांद्यांवर वाढणारी. त्यांची मुळं मुख्यतः धरून ठेवायला असतात, पाणी पितात ती पानांच्या बुडाशी असलेल्या बारीक खवल्यांतून. म्हणून रोज कुंडी भिजवली की मुळं गुदमरतात आणि बुंधा कुजतो. पांढरा थर म्हणजे बोअरचे क्षार. पाणी उडून जातं, क्षार वाटीतच साठत जातात. खतही तिथेच पडतंय, म्हणजे दुहेरी मारा.

आज कुंडी आडवी करून वाटी पूर्ण रिकामी करा. पावसाच्या किंवा आरओच्या पाण्याने दोनदा खळखळून धुवा. मग वाटी तिसरा हिस्सा ते निम्मी एवढीच भरा आणि दर ४-५ दिवसांनी ओतून नवं पाणी घाला. कुंडीत बोट घालून वरचा इंचभर थर कोरडा लागला तरच तिथे पाणी. पावसाळ्यात बहुधा लागणारच नाही.

आरओ मशीनच्या नळीतून बाहेर पडणारं पाणी मात्र चुकूनही नको, त्यात क्षार आणखी दाट झालेले असतात. बरेच जण पाणी वाया जाऊ नये म्हणून तेच कुंड्यांना घालतात. ब्रोमेलियाडला ते बाधतं.

कुंडीतलं माध्यम साधी माती असेल तर बदला. नारळाच्या सोडणाचे तुकडे, लोणारी कोळसा आणि विटांचे बारीक तुकडे सारख्या प्रमाणात, जोडीला मूठभर गांडूळखत. करपलेली टोकं पुन्हा हिरवी होत नाहीत. कापायची तर तपकिरी कडा जराशी ठेवून कापा, हिरव्यात कात्री गेली की तिथून पुन्हा सुकतं.

शेणखत_ते_सूक्ष्मद्रव्य:
लिटरला ३ ग्रॅम जास्वंदीला ठीक, इथे फार झालं. गुझमानियाला लिटरला अर्धा ग्रॅम, महिन्यातून एकदा, तेही वाढ चालू असताना. थंडीत बंद. अर्धा ग्रॅम घरच्या काट्यावर नीट मोजता येत नाही, म्हणून ५ ग्रॅम १ लिटर पाण्यात विरघळवा. त्यातलं १०० मिली घेऊन ९०० मिली साधं पाणी मिसळा. हे ओलसर माध्यमावर घाला, पानांवर हलकं फवारलं तरी चालतं. वाटीत नको, शेवाळ धरतं आणि कोवळा गाभा जळतो. डीएपी किंवा युरियाचा एखादा दाणा वाटीत पडला तरी तेच. जीवामृतही तिथे सडतं.

निओरेगेलियाचा रंग जाण्याची कारणं दोन: जास्त नत्र आणि कमी उजेड. त्यांचं खत पूर्ण थांबवा. कोवळं सकाळचं ऊन तीन तास मिळेल अशी जागा द्या, पण दोन आठवड्यांत हळूहळू सरकवा, नाहीतर पानांवर पांढुरके चट्टे पडतात. रंग नव्या पानांत येईल. जुन्या लांब पानांकडून आशा ठेवू नका.

सुपारीखालची_बाग:
कोकणातल्यांसाठी एक गोष्ट फार महत्त्वाची. तांबं ब्रोमेलियाडला विष आहे. सुपारीवर बोर्डो मिश्रण (बुरशीनाशक) मारलं की ते ठिबकून खालच्या झाडांच्या वाट्यांत उतरतं, आणि त्यात मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार असतो. फवारणीआधी कुंड्या हलवा किंवा प्लास्टिकने झाका. कॉपर ऑक्सिक्लोराइडही नको, तांब्याच्या हंड्यातलं पाणीही नको.

डासांचं सांगायला हवं. डेंग्यू पसरवणारा एडिस असल्याच साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि उबदार हवेत आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. वर सांगितलेलं ४-५ दिवसांचं चक्र म्हणूनच चुकवू नका. अळ्या मारायला रॉकेल किंवा तेल अजिबात टाकू नका, खवले बुजतात आणि झाड मरतं.

बाल्कनीबाग_पुणे:
आभार, वाट्या आत्ताच धुतल्या. एका गुझमानियाचा तुरा सुकतोय आणि बाहेरची पानंही लोळताहेत. तेही क्षारांमुळेच?

पागोळी:
तुरा सुकणं नैसर्गिक आहे. अननसाच्याच कुळातली झाडं ही. एक रोप एकदाच फुलतं, मग बुडाशी पिल्लं देऊन काही महिन्यांत हळूहळू संपतं. तुरा बुडापासून कापा, आईला उपटू नका. पिल्लू तिच्या तिसऱ्या हिस्स्याहून मोठं झालं आणि त्याची स्वतःची वाटी नीट तयार झाली, की धारदार सुरीने शक्यतो मुळांसकट वेगळं करा. काप एक दिवस सुकू द्या, मग लावा. मात्र आधी बुंधा दाबून पाहा. मऊ लागला, वास आला किंवा मधलं पान ओढताच हातात आलं, तर ती कूज आहे. तेव्हा पिल्लं मोठी व्हायची वाट पाहू नका, लगेच काढा.