क्लायंटला लोगोत 'काहीतरी लपलेलं' हवंय, सुरुवात कुठून करू?

दौत_टाक:
मंडळी मदत करा. सायकल दुरुस्तीचा व्यवसाय आहे, नाव इंग्रजी अक्षरांत, पहिलं अक्षर छोटा 'सी'. क्लायंटने कुठेतरी फेडेक्स या कुरिअर कंपनीच्या लोगोतला लपलेला बाण बघितला आणि तेव्हापासून एकच धोशा, आपल्यातही असं काहीतरी लपलेलं पाहिजे. त्याला चाक पण हवंय, पाना पण हवाय आणि नावाचं अक्षर तर हवंच. मी निगेटिव्ह स्पेसमध्ये, म्हणजे आकारांच्या आतल्या-मधल्या रिकाम्या जागेत, जे काही करतोय ते ओढूनताणून केल्यासारखं दिसतंय, आणि लोकांना दाखवलं की मी बोट ठेवून सांगेपर्यंत कुणाला दिसतच नाही, मग "अच्छा अच्छा" म्हणतात. म्हणजे फसलंच ना? असे लोगो ठरवून करतात की चुकून सापडतात?

रिकामी_जागा:
दोन्ही. फेडेक्सचा लोगो 1994 चा, लिंडन लीडर या डिझायनरने केलेला. 'बाण लपवा' असं काही डोक्यात घेऊन तो बसला नव्हता, अक्षरं जवळ सरकवताना मोठ्या 'ई' आणि छोट्या 'एक्स'च्या मधे त्याला बाणाचा भास झाला. इथवर नशीब. पण आहे त्या फॉन्टमध्ये तो बाण नीट बसेना, म्हणून त्याने युनिव्हर्स आणि फ्युचुरा या दोन फॉन्टांचे गुण घेऊन अक्षरं नव्याने काढली, 'एक्स'ची उंची वाढवून 'ई'च्या मधल्या दांडीशी जुळवली, आणि ही खरी मेहनत. सापडतं फुकट, बसवायला घाम लागतो.

आणि कुणाला दिसत नाही म्हणून फसलं असं अजिबात नाही. फेडेक्सचा बाण कित्येकांना वर्षानुवर्षं दिसत नाही, तरी लोगो ठणठणीत वाचता येतो. उलटं झालं तर मात्र वांधे, म्हणजे गंमत कळल्याशिवाय लोगोच लागत नसेल तर. फॉर्म्युला वनचा जुना लोगो आठव, 2017 पर्यंत होता तो. काळा एफ आणि लाल पट्टे, त्यांच्या मधल्या पांढऱ्या जागेत '1'. बरेच जण लाल पट्ट्यांनाच एक समजायचे, पण अडलं कुणाचंच नाही.

पिक्सेलवाला:
मी जरा उलटं बोलतो, राग मानू नका. हे लपवालपवीचं फॅड डिझायनर लोकांनीच डोक्यावर चढवून ठेवलंय. नायकेचा स्वूश, म्हणजे ती बरोबरच्या खुणेसारखी रेघ, 1971 मध्ये कॅरोलिन डेव्हिडसन या विद्यार्थिनीने 35 डॉलरमध्ये करून दिला, त्यात काय लपलंय? काही नाही. ॲपलच्या घासाबद्दल लोक काय काय अर्थ काढत बसतात, आणि 1977 मध्ये तो काढणारा रॉब जॅनॉफ सांगतो की छोट्या आकारात सफरचंद चेरीसारखं दिसू नये म्हणून घास घेतला. बस्स. क्लायंटला सरळ सांग की आधी ओळखू येऊ दे, मग गंमत.

तिरका_टी:
पिक्सेलवाला, मुद्दा बरोबर, पण क्लायंट मागतोय ते द्यायला काही हरकत नाही, फक्त तीन गोष्टी एका चिन्हात कोंबायच्या नाहीत. दौत_टाक, चाक आधी काढून टाक, दुनियेतल्या निम्म्या सायकलवाल्यांकडे चाकच असतं. उरला पाना आणि अक्षर, आणि अरे, पान्याचं तोंड आणि छोटा 'सी' जवळजवळ एकच आकार आहे की! 'सी'चं उघडं तोंड गोल न ठेवता आतल्या दोन्ही कडा सरळ आणि समांतर काप, नट पकडतो तसा जबडा. खऱ्या पान्याचा जबडा दांड्याला साधारण 15 अंश तिरका असतो, तेवढाच 'सी' फिरवून बघ, कदाचित मूठसुद्धा काढावी लागणार नाही. डब्ल्यूडब्ल्यूएफ या वन्यजीव संस्थेच्या लोगोतल्या पांडाला पाठीची रेघच नाहीये, काळे तुकडे दिसतात आणि बाकीचं आपला डोळा भरून काढतो. डोळ्याला थोडं काम ठेव.

रंगाला इतक्यात हात लावू नको, नुसतं काळंपांढरं कर. काळ्यापांढऱ्यात पाना दिसला नाही तर रंगाने काही दिसायचा नाही.

दौत_टाक:
कमाल! करून बघितलं आत्ता, मोठा असताना मस्त दिसतोय. पण फॅविकॉनला (ब्राउझरच्या टॅबवरचं ते चिमुकलं चिन्ह) 16 पिक्सेलवर आणला की जबड्याची फट बुजते आणि सरळ 'ओ' वाचला जातो. फट रुंद केली तर पाना जातो नि नुसता फाटका 'सी' उरतो.

तिरका_टी:
मग दोन फाइली ठेव. छोट्या आकारासाठी वेगळं ड्रॉइंग करायला लाजायचं नाही. त्यात फट रुंद ठेव, तिरकेपणा काढून तोंड सरळ उजवीकडे कर म्हणजे कडा पिक्सेलच्या रेषेवर बसतील, आणि स्ट्रोक, म्हणजे अक्षराच्या रेघेची जाडी, थोडा बारीक. तिथे पाना नाही दिसला तरी चालेल, 'सी' दिसला पाहिजे.

रिकामी_जागा:
+1. आणि क्लायंटकडे पाठवायच्या आधी रिव्हर्स इमेज सर्च (चित्र टाकून तसलीच चित्रं शोधायची) नक्की मार, शिवाय ट्रेडमार्कचं पण बघून घे, इतका सरळ बसणारा आकार आधी कुणालाच सुचला नसेल असं वाटत नाही. प्रेझेंटेशनमध्ये पान्याभोवती लाल गोल करून दाखवू नको हां! फेडेक्सच्या वेळीही बाण आणखी ठळक करा म्हणणारे होते, लीडर ऐकला नाही.

दौत_टाक:
लाल गोल केलाच होता, आत्ता काढला 😅 सर्च मारून सांगतो.